मेंढरं मोजू नयेत

जो माणूस नुसत्या जिभेच्या आवाजावर अख्खा कळप वळवतो, त्याला दोन लेकरं पुण्यापर्यंत रमवत नेणं म्हणजे डाव्या हातचा मळ आहे. हे शाश्वत सत्य हरिबानं जानेवारीतल्या जोडून आलेल्या सुट्टीत, जेवणाच्या पंगतीत, सुनेसमोर छाती पुढे काढून सांगितलं. गाडी अंगणातून निघेपर्यंत ते टिकलं.

हरिबाची सगळी उमर मेंढरांमागं चालण्यात गेली होती. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा त्यानं कळप विकला आणि करमत नाही म्हणून चार शेळ्या ठेवल्या. मंगळवेढ्याच्या दक्षिणेला त्याचं घर, भोवती ज्वारीचं काळंभोर रान आणि घरात केराबाई. मुलगा भारत पुण्यात एका कंपनीत होता. ती कंपनी दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीसाठी काहीतरी बनवायची. काय, ते हरिबाला आठ वर्षांत कळलं नव्हतं आणि भारतलाही धड सांगता येत नव्हतं. भारतची बायको पूनम, मुलगी सृष्टी सात वर्षांची, मुलगा युवराज चार वर्षांचा.

भानगड दिवाळीत सुरू झाली. सृष्टीला चष्मा लागला. डॉक्टरांनी मोबाईल कमी करा म्हणून सांगितलं. पुण्याहून गावाला यायचं तर मागच्या सीटवर दोन पोरं आणि पुढ्यात सहा तासांचा रस्ता. म्हणजे मोबाईलशिवाय गाडी हडपसरसुद्धा ओलांडत नसे. पूनम रीतीप्रमाणे सासऱ्याला मामा, सासूला आत्या म्हणायची आणि मामांचा मान ठेवूनच नाही म्हणायची.

"मामा, गावाला यायला माझी ना नाही," ती भाकरी मोडता मोडता म्हणाली. "पण जाऊन-येऊन बारा तास मोबाईल होतो. त्यापेक्षा मे महिन्यात आत्या आणि तुम्हीच पुण्याला या."

हरिबानं हातातला घास परत ताटात ठेवला. मे महिना म्हणजे नातवंडांचा अख्खा महिना. त्याच्यावर तो बाकीचे अकरा काढत असे. आणि पुण्याच्या फ्लॅटमध्ये तो तीन दिवस टिके. चौथ्या दिवशी लिफ्टपाशी जाऊन उभा राही आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला गाव विचारी. म्हणूनच त्याच्या तोंडून ते शाश्वत सत्य बाहेर पडलं.

पूनम हसली. "ठीक आहे. उद्या चला आमच्याबरोबर. पुण्यापर्यंत मोबाईल न देता पोरं नेऊन दाखवा. मे महिना अख्खा पाठवते."

"ह्येंचं ह्येंनाच करमत न्हाय," केराबाई चुलीपाशून म्हणाली. "घटकाघटकाला तंबाखू लागती. पोरास्नी काय रमवत्यात!"

"तू बघच की," हरिबा म्हणाला.

सकाळी केराबाईनं गाडीत कडक भाकरी, शेंगाची चटणी, हुरड्याची पिशवी आणि एक बंडल रिकाम्या पिशव्या ठेवल्या. रिकाम्या पिशव्या युवराजसाठी होत्या. त्याला गाडी लागायची. हरिबा मागच्या सीटवर मधोमध बसला, दोन्ही बाजूंना एकेक नातवंड. पुढं पूनम, तिच्या मांडीवर पर्स, पर्समध्ये दोन्ही मोबाईल, आणि पर्सची झिप बंद.

"आबा, गोष्ट सांगा," सृष्टीनं गाव संपायच्या आत मागणी केली.

हरिबा सरसावून बसला. "एक हुता लांडगा. त्यो आला आन् कोकरू खाऊन गेला."

पोरं वाट बघत राहिली.

"मग?" युवराज म्हणाला.

"मग काय? खाल्लं की."

"आणि कोकराची आई?"

"वरडली."

"मग?"

"मग गप बसली."

सृष्टीनं चष्मा वर सरकवला. "पण शेवटी लांडग्याला शिक्षा होते ना?"

"न्हाय हुत. त्यो म्होरल्या कळपाकडं गेला."

पुढच्या सीटवरून पूनमनं मान वळवली. "मामा, जरा लहान मुलांना झेपेल असं..."

"बरं बरं. मग कोकरू लांडग्याच्या पोटातनं भाईर आलं."

"कसं?" दोघांनी एकदम विचारलं.

हरिबा विचारात पडला. बाजारात त्यानं गिऱ्हाइकाला बऱ्याच थापा मारल्या होत्या, पण मेंढरांच्या बाबतीत रानात घडलेलं त्यानं कधी बदलून सांगितलं नव्हतं. कोकराला बाहेर यायला त्याला कुठूनच वाट दिसेना. गोष्ट तिथंच संपली. मंगळवेढा अजून यायचा होता.

मग त्यानं पोरांना मेंढरं हाकायचे आवाज शिकवले. जीभ टाळूला लावून एक आवाज काढला की कळप वळतो, ओठ थरथरवून दुसरा काढला की थांबतो. पोरं खूष झाली. युवराजला ओठांचा आवाज दुसऱ्याच प्रयत्नात जमला आणि जमल्यावर त्यानं तो सोडला नाही. गाडीच्या काचा बंद, एसी चालू, आणि आत एक चार वर्षांचा मेंढका गैरहजर कळपाला अखंड थांबवतोय. समोरच्या काचेवर आतून थुंकीचे तुषार दिसायला लागले.

"आबा," पंढरपूरचा वळसा घेता घेता भारत म्हणाला, "हे बंद करायचा पण एखादा आवाज असेल की."

"तसला न्हाय. मेंढरं आपली आपण गप हुत्यात."

युवराज आपला आपण गप झाला, पण फक्त एक प्रश्न विचारण्यापुरता. "आबा, पुणं आलं?"

"आलंच की. हे काय, हितंच."

"हितंच म्हणजे किती?"

हरिबानं खिडकीबाहेर पाहून मनातल्या मनात रस्ता चालून बघितला. "हितनं बारा मुक्काम."

"मुक्काम म्हणजे?"

"रातीला थांबायचं, सकाळी निगायचं. तशा बारा राती."

युवराजनं आधी गाडीचं छत बघितलं, मग दार बघितलं. "मग मी शू कुठं करणार?" एवढं बोलून त्यानं गळा काढला. सृष्टी त्याला समजावायला गेली, की अरे बावळट, आबा चालत जाण्याचं सांगतायत. तर बावळट म्हटलं म्हणून तो आणखी रडला. मग त्यानं तिला मारलं, आणि ती चष्मा काढून रडायला लागली. सृष्टी रडण्याआधी चष्मा काढून ठेवायची. त्यात तिची चूक नव्हती, तिला घरी तसंच शिकवलं होतं.

अशात पर्सची झिप उघडल्याचा आवाज आला.

अंधारात वाघरीपाशी, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीपाशी, कोल्ह्याचं पाऊल वाजावं तसा तो हरिबाच्या कानात शिरला. मे महिना आता रुमालाएवढ्या पर्सच्या तोंडाशी येऊन बसला होता. पूनमचा हात आत गेला, आणि रुमाल घेऊन बाहेर आला. तिनं युवराजचं नाक पुसलं आणि सासऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा बघून कुठल्याही सुनेला दया आली असती.

"एक खेळ आहे," ती म्हणाली. "एका व्हिडिओत बघितला होता. रस्त्यावरची जनावरं मोजायची. डावीकडची सृष्टीची, उजवीकडची युवराजची. शेळ्या, गाई, मेंढरं, काय दिसेल ते. ज्याची जास्त, तो जिंकला."

पोरांचं रडणं जागच्या जागी थांबलं. पण हरिबाच्या घरात जितराब मोजत नसत. बापानं कधी मोजलं नाही, त्यानं मोजलं नाही. मोजलेलं घटतं, हा मेंढरं राखणाऱ्या बिरोबाचा नियम. एकदा गणतीवाला सरकारी माणूस आला होता, त्यानं विचारलं किती मेंढरं? हरिबा म्हणाला, हायत की. माणूस म्हणाला, पण किती? हरिबा म्हणाला, देवानं दिल्यात तेवढी. माणसानं दोनशे लिहून घेतलं आणि चहा पिऊन गेला.

पण हे आता सुनेला कसं सांगायचं? सांगावं तर खेळ गेला, आणि खेळ गेला की मोबाईल.

"जितराब नगं," तो शेवटी म्हणाला. "टॅक्टर मोजा. उसाचं."

सूचना चांगली होती. कारखाने चालू होते आणि रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची वरात लागली होती. पण समोरून येणारे सगळे ट्रॅक्टर उजव्या बाजूला पडत होते. म्हणजे सगळे युवराजचे. युवराजला वीसच्या पुढं येत नसल्यामुळे तो वीस झाले की परत एकपासून सुरू करायचा आणि प्रत्येक वेळी जिंकल्याची घोषणा करायचा. सृष्टीच्या बाजूला आतापर्यंत एक पंक्चर काढायचं दुकान आणि एक उभा ट्रॅक्टर एवढंच आलं होतं.

"हे चीटिंग आहे," ती म्हणाली.

"मोठी हायस की तू," हरिबा म्हणाला. हे वाक्य जगातल्या कुठल्याही मोठ्या बहिणीला कधीच पटलेलं नाही.

करकंब मागं पडलं आणि डाव्या हाताला रस्त्याच्या कडेनं मेंढरांचा कळप लागला. काळी, पांढरी, तांबूस. धूळ उडवत, एकमेकांच्या पाठीवर माना टाकत चाललेली. हरणाऱ्या सृष्टीला देवानं एकदम एवढं दिलं, की तिला कुठं सुरू करावं कळेना. तिनं काचेला बोट टेकवलं आणि धडाधडा सुरू केलं, "वन, टू, थ्री, फोर, फाईव्ह..."

"ए पोरी, गप!"

"...नाईन, टेन, इलेव्हन..."

"अगं मोजू नगं!"

ती थांबेना. ट्वेंटी थ्रीला हरिबानं तिच्या तोंडावर हात ठेवला.

आबांनी सृष्टीला असं कधी केलं नव्हतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, चष्मा काढला, आणि मग रडायला लागली. युवराजनं तत्त्व म्हणून साथ दिली.

"भारत, गाडी बाजूला घे."

"आबा, झालं काय?"

"हिनं मेंढरं मोजली. बोट दावून."

भारतनं पूनमकडे पाहिलं. पूनमनं भारतकडे पाहिलं. भारत त्याच घरात वाढला होता. तो गाडी बाजूला घ्यायला लागला.

गाडी थांबेपर्यंत हरिबाच्या मनात एक अंधुक आशा होती. मोजणी इंग्रजीत झाली होती. बिरोबाला इंग्रजी येतं का, हा प्रश्न आजवर कुणी काढलेला नव्हता, कारण तशी वेळ आली नव्हती. येत नसेल तर सुटलो. पण देवाच्या अडाणीपणावर विसंबून राहणं हरिबाला बरं वाटेना. तो खाली उतरला.

कळपाबरोबर चाळिशीचा एक माणूस होता, जोतीराम. अंगात जीन्स, खांद्यावर घोंगडी. मागून त्याची आई रंभाबाई संसार लादलेल्या घोड्याचा दोर धरून येत होती. घोड्यावर सगळ्यात वर एक कोंबडी बसली होती.

"राम राम पावनं," हरिबा म्हणाला. "कुटलं?"

"सांगोल्याकडलं. तुमी?"

"मंगळवेढ्याचं. पावनं, चूक झालीया आमच्याकडनं."

जोतीरामनं घाबरून गाडीची चाकं बघितली. "गाडीखाली आलं का काय?"

"न्हाय न्हाय. नातीनं मेंढरं मोजली."

"किती भरली?"

"किती भरली म्हंजे?"

"न्हाय, सकाळी मी मोजली तवा दोन कमी हुती. म्हटलं, पोरीनं मोजलीच हायत तर..."

"तू मोजतूस?"

"रोज. विमा हाय की. मोजल्याबिगर देत न्हाईत." जोतीरामनं जवळच्या मेंढीचा कान धरून त्यातला पिवळा बिल्ला दाखवला. त्यावर आकडा होता. बिरोबाचा नियम मेंढीच्या कानातच मोडलेला बघून हरिबाला खाली बसावंसं वाटलं.

पण तेवढ्यात रंभाबाई पोचली. "ह्येला सांगून सांगून मी दमले, दादा. म्हणूनच दोन घटली. पोरीनं बोट दावलं व्हय?"

"दावलं."

"मग उलटी मोजाय लावा. जेवढी घेतली तेवढी म्हागारी द्यायची. एकेकीला हात लावून."

अशा रीतीनं इंग्रजी माध्यमाच्या दुसरीतल्या मुलीला भर रस्त्यात प्रायश्चित्त सांगण्यात आलं. सृष्टी डोळे पुसत उतरली. आबांनी गुडघ्यावर हात ठेवून, तिच्या तोंडाएवढं वाकून सांगितलं, "पोरी, आबाचं चुकलं. तोंड दाबाय नगं हुतं. पर एवढं कर."

"हात लावायचा? खरंच?" सृष्टी म्हणाली. ती जन्मल्यापासून तिला प्राण्यांना हात लावू नको एवढंच सांगितलं गेलं होतं.

"ट्वेंटी थ्री," तिनं पहिल्या मेंढीच्या पाठीवर भीत भीत बोट टेकवलं.

"ही कुटली भाषा?" रंभाबाईनं विचारलं.

"इंग्रजी. मोजली बी त्यातच," हरिबा दबकत म्हणाला.

रंभाबाईनं मान डोलावली. "मग बरूबर हाय. ज्या भाषेत घेतली त्याच भाषेत द्यायची." आणि बिरोबाच्या इंग्रजीचा प्रश्न कायमचा निकाली निघाला.

मेंढरं मात्र परत जमा व्हायला तयार नव्हती. सृष्टी हात पुढे करायची, मेंढी पुढे सरकायची. एटीन तीनदा हुकली. जोतीराम वळवून आणायचा, हरिबा पायानं अडवायचा, भारत बूट सांभाळत "हुश, हुश" करायचा. त्याची मेंढपाळी पुण्यात विरघळून गेली होती. युवराजनं रस्त्याच्या मधोमध उभं राहून ओठ थरथरवले. मेंढरांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कळपाचं कुत्रं मात्र आलं, आणि त्याच्यापुढं बसलं. मग रंभाबाईनं घोड्यावरच्या गोधडीतून दोन दिवसांचं कोकरू काढलं आणि त्याच्या हातात दिलं. कोकरू त्याच्यावर मुतलं. युवराजला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता.

पूनम गाडीला टेकून उभी होती. तिचा यातल्या कशावर विश्वास नव्हता. पण सृष्टीनं एव्हाना बोट सोडून दोन्ही हात लोकरीत कोपरापर्यंत खुपसले होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता आणि ती ओरडत होती, "मम्मी, गरम आहे आतून! इलेव्हन!" पूनमनं पर्स उघडली, मोबाईल काढला आणि समोर धरला.

"पूनम," भारत हळूच म्हणाला, "मोबाईल."

"मी शूट करतेय. बघत नाहीये."

वनला हात लागला तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. रंभाबाईनं सृष्टीच्या कपाळाला भंडारा लावला. हरिबानं निम्मा हुरडा रंभाबाईच्या पदरात ओतला. जोतीराम कळपामागं निघाला आणि थोडं पुढं गेल्यावर, आईची पाठ वळलेली बघून, बोटांनी हवेत काहीतरी मोजू लागला. हरिबानं तिकडं पाहिलं नाही.

गाडी सुरू झाली.

"मम्मी, दाखव," युवराज म्हणाला.

"काय?"

"मी."

पूनमनं पुढूनच मोबाईल मागं वळवून एकदा दाखवला. "परत," युवराज म्हणाला. तिनं परत दाखवला. तिसऱ्यांदा तिचा खांदा अवघडला आणि मोबाईल मागच्या सीटवर गेला. टेंभुर्णी आली नि गेली. व्हिडिओ चालूच होता. हरिबा मधोमध असल्यामुळे मोबाईल त्याच्याच मांडीवर होता. म्हणून त्यालाही बघणं भाग होतं. कोकरू मुतायचं, युवराज खिदळायचा, सृष्टी इलेव्हन म्हणायची. मागं एक म्हातारा, हात पाठीशी बांधून, चेहरा पाडून उभा होता. आपण बाजूनं इतके वाकलेले दिसतो हे हरिबाला माहीत नव्हतं. दोनदा बघेपर्यंत तर तो म्हातारा कोण, हेच त्याला उमगलं नाही.

आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की आपल्या मांडीवर मोबाईल आहे आणि दोन्ही नातवंडं त्याच्यात तोंड घालून बसली आहेत.

त्यानं पुढं पाहिलं. पूनम रस्त्याकडे बघत होती. त्यानं मोबाईल उलटा ठेवावा का याचा विचार केला, पण युवराजची बोटं त्यावर होती. इंदापूरपाशी ती सैल झाली. एक डोकं डाव्या मांडीवर आलं, एक उजव्या. भिगवणपर्यंत हरिबाचे दोन्ही पाय बधिर झाले. तो हलला नाही. तंबाखूची डबी खिशात टोचत होती, ती काढायलाही हलला नाही. पुढच्या अख्ख्या रस्त्यात कुणी बोललं नाही. पोरं झोपलीत म्हणून बोलत नाही, असं प्रत्येकजण दाखवत होता.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी थांबली. भारत युवराजला उचलून लिफ्टकडे गेला. पूनम सृष्टीला घ्यायला मागच्या दाराशी आली.

"सूनबाई," हरिबा म्हणाला, "हारलो की मी."

"का?"

"मोबाईल आला न्हवं मधी."

पूनमनं सृष्टीच्या केसातली लोकर काढली. ती थोडा वेळ काढतच राहिली.

"मोबाईल मी काढला, मामा. तुम्ही नाही." मग ती म्हणाली, "मेमध्ये किती तारखेला आणून सोडू?"

हरिबाला तारखा येत नव्हत्या. "सुट्टी लागंल त्याच दिशी," तो म्हणाला.

घरात पोचल्या पोचल्या त्यानं भारतला गावी केराबाईला फोन लावायला सांगितलं. "जितलो," तो ओरडला. फोन लांब लागला असेल तर आवाज मोठा लागतो, असं त्याचं मत होतं.

"पोरगं किती येळा वकलं?" केराबाईनं विचारलं.

"येकदाबी न्हाय."

"मग पिशव्या म्हागारी घिऊन या."

मे महिन्यात पोरं आली, शाळेला सुट्टी लागली त्याच दिवशी, आणि महिनाभर राहिली. मंगळवेढ्याकडं त्या दिवसांत सकाळी नवानंतर घराबाहेर पाऊल टाकता येत नाही. दोघांनी अख्खा महिना कूलरपुढं बसून टीव्ही बघितला.